मापाचा कागद

माझ्या गाडीत माणसं आठ, बाकी सगळं वजनावर.
किलोला दीड युरो.
शुक्रवारी पहाटे गाव सोडायचं,
प्रूत नदीच्या नाक्यावर रांगेत डुलकी काढायची,
मग रोमानिया, हंगेरी, डोळ्यांत वाळू,
आणि रविवारी सकाळी पादोव्यात,
स्टेडियममागच्या पार्किंगमध्ये
बायका आधीच उभ्या असतात.

रविवार त्यांचा.
उरलेले दिवस कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईचे.

गावाकडून अक्रोड जातात, मेंढीचं चीज,
पाण्याच्या बाटलीतून घरची वाइन,
एकदा तर झाकल्या टोपलीत कोंबडी,
जिच्याबद्दल मी स्लोव्हेनियात अवाक्षर काढलं नाही.
परत येताना कॉफी, साबणाची पावडर, बूट.

झिनाइदाच्या पुडक्यात दर ऑगस्टला
वहीचं एक चौकटीचं पान असतं.
त्याचे मी पैसे घेत नाही.
पेन्सिल फिरवून काढलेलं तिच्या इलिंकाचं उजवं पाऊल.
शाळा उघडायच्या आत बूट पोचायला हवेत.

झिनाइदा ते पान बॉनेटवर पसरते,
कडा दाबून धरते,
आणि पावलावर आपला हात ठेवते.
'अंगठा बघ, थेट माझ्या वडलांचा.'
मी हो म्हणतो. मला सगळे अंगठे सारखेच दिसतात.

पहिल्या वर्षी टाच तिच्या मनगटाशी संपली.
तिसऱ्या वर्षी दोन बोटं वर सरकली.
चौथ्या वर्षी तिथेच.
'थांबली वाटतं वाढायची,' म्हणाली,
आणि अशी हसली, जशी सुटलेली बस
कुणीतरी हात दाखवून तिच्यासाठी रोखून धरलीय.

(तिचे राहण्याचे कागद अजून व्हायचेत.
गेली तर परत येता येणार नाही.)

यंदा पुडकं घ्यायला गेलो तेव्हा
म्हातारा हारलाम्पी मधमाश्यांच्या पेट्यांपाशी होता.
इलिंका पायरीवर पान ठेवून बसलेली.
उभी राहिली असती तर फाटकाच्या वर गेली असती.
गेल्या सालचे बूट बाजूला, टाचेकडून चेपलेले,
टाचेवर फोड, त्यावर केळीचं नव्हे, कसलंसं रानपान.
पेन्सिल फिरत होती, आणि बोटं
आत दुमडलेली, मुठीसारखी.

'पाय सरळ ठेव की,' मी म्हणालो.

तिने मान वर केली नाही.
'ती गेली तेव्हा मी पहिलीत होते.
एकदम कसं सांगायचं? हळूहळू सांगू.'

फोनवर दिसत नाही का, असं विचारणार होतो.
पण फोनवर चेहरा दिसतो नुसता,
चेहऱ्याला नंबर नसतो.

हातचं राखून बोलणारी माणसं मी पुष्कळ वाहून नेली.
पायाचं राखणारी ही पहिलीच.

नाक्यावर शिपायाने पान उलगडलं. 'हे काय?'
'पाऊल,' मी म्हणालो.
त्याने दोन्ही बाजू पाहिल्या आणि घडी घालून दिलं.
रात्री पेट्रोल पंपावर खिशातून पेन्सिल काढली,
वाटलं, बोटभर वाढवावी रेघ.
मग परत खिशात ठेवली. माझं काम न्यायचं.

रविवारी झिनाइदाने हात ठेवला. उचलला.
पान उन्हाकडे धरलं.
अंगठ्यापाशी रेघ हिसके खात गेली होती.

'आमच्या सिन्योराची बोटं अशी वळतात,' ती म्हणाली.
'रोज सकाळी मी एकेक सरळ करते,
मग मोजे चढवते.'

आणि बराच वेळ काहीच नाही.
शेजारी कुणीतरी चीज चाखून बघत होतं.

संध्याकाळी खोकं घेऊन आली. एकोणचाळीस नंबर.
बुटांच्या टोकांत तिकडच्या वर्तमानपत्राचे बोळे
ठासून भरलेले.

'माप ठाऊक नाही मला,' म्हणाली.
'तिला सांग, लागेल तेवढाच कागद काढ.
सगळा एकदम नको.'

काट्यावर ठेवलं. एक किलो दोनशे.
पैसे घेतले.
खोकं पुढे माझ्या सीटशेजारी ठेवलं,
कोंबडीच्या टोपलीची जागा होती तिथे.